ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला का?

आजचा प्रश्न असा: 'ब्लू टँग आणला, चार दिवसांत अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले आणि आठवड्याने आपोआप गेले. म्हणजे बरा झाला ना?'

नाही. खरी गडबड तर आता सुरू होते.

हे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. इंडोनेशिया, फिलिपिन्सहून आलेल्या माशांबरोबर तो गुपचूप येतो. ३ ते ७ दिवस तो माशाची कातडी आणि कल्ले खातो, मग गळून वाळूत किंवा दगडावर कवच करून बसतो. आपल्याला वाटतं, ठिपके गेले! पण त्या एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यांना दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. अथांग समुद्रात बहुतेक मरतातच. तुमच्या टाकीत मात्र मासा वीतभर अंतरावर! म्हणून दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी असते. कल्ले भरले की मासा गुदमरतो.

गोड्या पाण्याच्या टाकीत पांढरे ठिपके दिसले की आपण खडे मीठ टाकतो. तो परजीवी वेगळा. हा तर खाऱ्या पाण्यातच वाढलाय, त्याला मिठाचं काय कौतुक! तांब्याचं औषध चालतं, पण मुख्य टाकीत टाकलंत तर कोरल आणि कोळंबी मरतील.

मग करायचं काय? नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडायचाच नाही. वाळू-दगड नसलेल्या दोन छोट्या टाक्या घ्या. दर ३ दिवसांनी मासा दुसऱ्या टाकीत हलवा, असं चार वेळा. रिकामी झालेली टाकी आणि जाळी धुऊन पूर्ण कोरडी करा. कवच फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो, एवढंच यामागचं गणित.

मुख्य टाकीत लागण झालीच असेल, तर सगळे मासे बाहेर काढून उपचार करा आणि टाकी अडीच महिने माशांविना ठेवा. कोरल आत राहू द्या, त्यांना हा लागत नाही.

आणि एक विनंती. कंटाळा आला म्हणून मासे किंवा टाकीचं पाणी खाडीत, समुद्रात सोडू नका. बाहेरून आलेला परजीवी तिथल्या माशांत शिरला, तर समुद्राला क्वारंटाइन टाकी नसते.

भेटू पुढच्या भागात!