सातबारावरील नांव आणि जमिनीची मालकी

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी रो-रो बोट २०२० सालीं सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्यें शिवडी-न्हावाशेवा हा सागरी सेतु वाहतुकीस खुला झाला. मुंबई व रायगडचा किनारा यांतील अंतर असें कमी झाल्यापासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या बाजूस एखादी वाडी किंवा घरापुरती जागा घ्यावी, असें मनांत आणणारे गृहस्थ पुष्कळ वाढले आहेत. त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: सातबारा स्वच्छ आहे ना? विकणारा होकार देतो, संगणकावरून काढलेला उतारा पुढें ठेवतो, आणि घेणाऱ्याचा जीव भांड्यांत पडतो. वास्तविक चौकशीस सुरुवात येथून व्हावयाची असते. पुष्कळदां ती येथेंच संपते.

सातबारा हा मालकीचा दाखला आहे काय? नाहीं. गांव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेखाचें पत्रक, आणि नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, या दोहोंचा तो जोड उतारा होय. जमीन कोणाच्या वहिवाटीस आहे व सारा कोणाकडून वसूल करावयाचा, हें सरकारास कळावें म्हणून तो ठेवला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणें त्यांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु "उलट सिद्ध होईपर्यंत" या तीन शब्दांतच सारें मर्म सांठलेलें आहे. फेरफाराच्या नोंदीनें मालकी निर्माण होत नाहीं आणि नष्टही होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें वेळोवेळीं सांगितलें आहे. मालकी येते ती खरेदीखत, वारसा, वाटणी, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यांच्या द्वारें. नोंद ही त्या हक्काची सावली; सावली आहे म्हणून वस्तु आहेच, असें धरून चालतां येत नाहीं.

तेव्हां उतारा वाचावा कसा, हा खरा प्रश्न. नांवांच्या बाजूस वर्तुळांत लहान आंकडे दिसतात, ते फेरफारांचे क्रमांक. कंसांत घातलेलीं नांवें हीं कमी केलेलीं नांवें होत. प्रत्येक क्रमांकाच्या फेरफाराची, म्हणजे नमुना सहाची, नक्कल काढून कोणतें नांव कशाच्या आधारें आलें आणि कोणतें कशाच्या आधारें कंसांत गेलें, हें पाहावें लागतें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची क्रमांक दोनचा शोध निदान तीस वर्षांचा घ्यावा, अशी वकिलांची रीत आहे. या किनाऱ्यावर मात्र तीस वर्षें पुरीं पडत नाहींत, आणि त्याचें कारण येथील जमिनीच्या इतिहासांत आहे.

हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाई व याच्या मोठ्या भागांत खोती चाले. जमीन एकाच्या नांवावर आणि राबणारे हात दुसऱ्याचे, ही जुनी घडी. अलिबाग तालुक्यांतील चरी या गांवीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं जमीन न कसण्याचा संप पुकारला, तो १९३९ पर्यंत चालला. उपासमार सोसली, पण कुळें हटलीं नाहींत. १९३७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १९३९ च्या कायद्यानें संरक्षित कूळ ही संज्ञा आली, १९४८ सालीं कूळ कायदा झाला, १९४९ सालीं खोती निर्मूलनाचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनीं कसणारें कूळ त्या जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. एवढा सारा झगडा आजच्या उताऱ्यांत "इतर हक्क" या रकान्यांतील एका ओळींत उरलेला असतो. विकणारा म्हणतो, "ती नोंद जुनी आहे, तें कूळ केव्हांच वारलें." कूळ वारलें असेल; कुळाचा हक्क वारलेला नसतो, तो त्याच्या वारसांकडे जातो.

याच रकान्यांत कूळ कायद्याच्या कलम ४३ चा उल्लेख असेल, तर ती जमीन कुळानें कायद्यान्वयें विकत घेतलेली आहे, असें समजावें. अशी जमीन पूर्वीं जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून विकतां येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीनें, कुळाच्या खरेदीस दहा वर्षें झालीं असल्यास, आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून व इतर अटी पाळून ती विकण्याची मोकळीक मिळाली आहे. ती रक्कम भरल्याचें चलन पाहिल्यावांचून विसार देऊं नये. कातकरी, ठाकर आदि आदिवासी बांधवांच्या जमिनीविषयीं तर कायदा याहून कडक आहे. कलम ३६-अ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व शासनाची पूर्वमान्यता असल्याशिवाय ती बिगर-आदिवासीस घेतां येत नाहीं. साध्या कागदावर अंगठा घेऊन पदरांत पाडलेली अशी जमीन आज ना उद्यां परत जाते, आणि ती जावी हेंच न्यायाचें आहे.

सर्वांत अधिक तंटे होतात ते मात्र भावाबहिणींचे. वडील वारतात, थोरला गांवीं राहतो, धाकटे मुंबईस चाकरीला, बहिणी सासरीं. वारसनोंद करतांना मुलग्यांचीं नांवें कबजेदार म्हणून लागतात आणि बहिणींचीं "इतर हक्क" या रकान्यांत, अशी वहिवाट अनेक गांवांत होती. घेणारा समजतो, तीं नांवें केवळ शोभेचीं. परंतु त्या बहिणी भावांइतक्याच वारस असूं शकतात. हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला; ९ सप्टेंबर २००५ रोजीं पिता हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हेंही सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें स्पष्ट केलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री तेवढ्या अबाधित आहेत. "बहिणींनीं तलाठ्यापुढें जबाब देऊन हक्क सोडला आहे," असें सांगण्यांत येतें. स्थावराचें हक्कसोडपत्र नोंदलेलें असावें लागतें. नुसत्या जबाबानें हक्क सुटत नाहीं. ज्या बहिणीची सही आज मागितली नाहीं, तिचा मुलगा उद्यां दिवाणी कोर्टांत उभा राहतो, आणि तेव्हां घेणाऱ्यानें आयुष्याची पुंजी घालून बांधलेलें घर दाव्यांत अडकतें. म्हणून खरेदीपूर्वीं वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी व वंशावळ शपथेवर घ्यावी. आणि शक्य तर बहिणींस प्रत्यक्ष भेटावें.

विकणाऱ्याचा हक्क पाहिला, तसा घेणाऱ्यानें आपलाही पाहावा. शेतजमीन शेतकऱ्यानेंच घ्यावी, असा कूळ कायद्याच्या कलम ६३ चा दंडक आहे. इतरांस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खोटा दाखला जोडून घेतलेली जमीन सरकारजमा होऊं शकते.

समुद्र दिसतो म्हणून जागेस दर चढा. पण समुद्र दिसतो तेथेंच घर बांधण्यास बंदी असण्याचा संभव मोठा. १९९१ पासून लागू असलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत २०११ व २०१९ सालीं बदल झाले. तरीही विरळ वस्तीच्या ग्रामीण भागांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवें बांधकाम सामान्यतः करतां येत नाहीं. विक्रीस ही बंदी नाहीं, आणि फसगत होते ती येथेंच: खरेदीखत बिनतक्रार नोंदलें जातें, घर मात्र उभें राहत नाहीं. किहीमच्या किनाऱ्यावरील हिरेव्यापारी नीरव मोदी यांचा बंगला मार्च २०१९ मध्यें सुरुंग लावून पाडण्यांत आला, हें सर्वांनीं वाचलेलें आहे.

साठेकरार झाला म्हणजे जागा आपली झाली काय, हाही नेहमींचा प्रश्न. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणें साठेकरारानें मिळकतींत कोणताही हक्क निर्माण होत नाहीं. तो पुढें खरेदीखत करून घेण्याचा करार मात्र होय. केवळ कुलमुखत्यारपत्र घेऊन झालेला व्यवहारही विक्री नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं ठरविलें. शंभर रुपये व त्यावरील किंमतीचें स्थावर नोंदलेल्या खतानेंच विकलें जातें, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत तें नोंदणीस सादर करावयाचें असतें.

विसार देण्यापूर्वीं भूमि अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून घ्यावी. नागांव, चौल, रेवदंडा या गांवांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एकींत एक गुंतलेल्या. कागदावर दहा गुंठे असलेली वाडी कुंपणाच्या आंत आठच भरते, असें होऊं शकतें. शेजारच्या वाडींतून जाणारी पाऊलवाट तोंडी परवानगीची आहे कीं लेखी हक्काची, हें मोजणीच्या दिवशीं शेजारी समक्ष असतांनाच विचारून, ठरेल तें खतांत लिहून घ्यावें.