तुक्का की थिअरी?

एक सोप्पा प्रश्न. स्नेप चांगला की वाईट?

दिलंत ना लगेच उत्तर? तेही पुस्तक न उघडता! आपल्यापैकी बहुतेकांनी आधी मीम्स पाहिली, मग सिनेमे आणि जमलंच तर मग पुस्तकं वाचली. त्यामुळे हॅरी पॉटरचा शेवट आपल्याला कधी ‘कळला’ असं झालंच नाही. तो माहीतच होता. पण १६ जुलै २००५ ते २१ जुलै २००७ या दोन वर्षांत हाच प्रश्न कॉलेज कट्ट्यावर टाकला असतात, तर दोन जिवलग मित्रांचं वाजलं असतं. (स्पॉयलर अलर्ट आत्ताच देऊन ठेवते. सातवं पुस्तक वाचायचं राहिलं असेल, तर आधी ते वाचा. हे पान कुठे पळून जात नाही.)

सहावं पुस्तक संपतं तेव्हाची परिस्थिती आठवा. स्नेपने डम्बलडोरला मारलंय. जिवावर उदार होऊन आणलेलं लॉकेट नकली निघालंय. त्यात एक चिठ्ठी आहे आणि सही म्हणून फक्त तीन अक्षरं, आर. ए. बी. एवढ्यावर जे. के. रोलिंग यांनी वाचकांना लटकवून ठेवलं. पुढचं पुस्तक शेवटचं, पण ते कधी येणार, कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं नावसुद्धा डिसेंबर २००६ मध्ये कळलं.

मग जगभरच्या वाचकांनी काय केलं? आधीची सहा पुस्तकं पुन्हा काढली आणि अक्षरशः पेन्सिल घेऊन बसले.

माळ्यावरचं लॉकेट

आर. ए. बी. चं कोडं कसं सुटलं, ते बघण्यासारखं आहे. पाचव्या पुस्तकात सिरियसच्या जुनाट घराची साफसफाई चालू असते. दिवाळीच्या आवराआवरीत आपल्या माळ्यावरून निघतात तशा चित्रविचित्र वस्तू निघत असतात. त्यात एक जड लॉकेट असतं, जे कुणालाच उघडता येत नाही. बस्स, एवढाच उल्लेख. त्याच पुस्तकात सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलसही ओझरता येऊन जातो. तो व्हॉल्डेमॉर्टच्या टोळीत गेला, मग पाय मागे घेतला आणि जीव गमावून बसला. वाचकांनी या दोन गोष्टी जोडल्या. रेग्युलस ब्लॅक. ‘आर’ जुळलं, ‘बी’पण जुळलं.

खरी कमाल पुढेच आहे. डच भाषांतरात ‘ब्लॅक’ घराण्याचं आडनाव ‘झ्वार्ट्स’ केलंय, नॉर्वेजियनमध्ये ‘स्वार्ट’. अर्थ तोच, काळा. आणि सहाव्या पुस्तकाच्या डच आवृत्तीत चिठ्ठीखालची अक्षरं होती आर. ए. झेड., तर नॉर्वेजियनमध्ये आर. ए. एस.! वाचकांनी आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि केस क्लोज झाली. आपल्याकडे कुणी ब्लॅकचं ‘काळे’ केलं असतं, तर आर. ए. के. वाचून सगळ्या पुण्याने एकमेकांकडे संशयाने पाहिलं असतं.

याला तुक्का कसं म्हणणार? हा तर पुराव्यानिशी केलेला तपास.

टीम स्नेप, टीम अँटी-स्नेप

सगळ्यात मोठा राडा अर्थातच स्नेपवरून. ‘बॉर्डर्स’ या अमेरिकन पुस्तक दुकानांच्या साखळीने तर त्याच्या बाजूचे आणि विरोधातले स्टिकर्सच वाटले. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये रोलिंग यांच्या वाचनाचा कार्यक्रम होता. तिथे प्रेक्षकांतून एक वाचक आपल्या मुलासोबत प्रश्न विचारायला उठला. स्नेप नक्की कुणाच्या बाजूचा, हेच त्यालाही जाणून घ्यायचं होतं. तो वाचक होता सलमान रश्दी! बुकर मिळालेला लेखकही तुमच्या-आमच्यासारखाच अडकला होता. त्याच दौऱ्यात स्टीफन किंग आणि जॉन आयर्विंग या दिग्गजांनी ‘हॅरीला मारू नका’ अशी गळ घातली.

स्नेपच्या बाजूने पुरावे होते का? होते की. पाचव्या पुस्तकाच्या सुरुवातीला पेट्युनिया मावशी बोलून जाते, की लिलीला एका वाईट मुलाने डिमेंटर्सबद्दल सांगताना तिने ऐकलं होतं. हॅरी धरून चालतो, की हा मुलगा म्हणजे आपले बाबा. आपणही तेच धरतो आणि पान उलटतो. तो स्नेप होता, हे सातव्या पुस्तकात कळतं.

हॅरी स्वतःच एक हॉरक्रक्स आहे, हा अंदाजही असाच बांधला गेला. आपल्या शक्तीचा अंश व्हॉल्डेमॉर्टने नकळत हॅरीत ठेवला, असं डम्बलडोर दुसऱ्याच पुस्तकात सांगून ठेवतो. वाक्य सगळ्यांनी वाचलं होतं. थांबून विचार मोजक्यांनी केला.

जे आपटले, तेही आपलेच

सगळेच नेम लागले नाहीत. रॉन म्हणजेच काळात मागे गेलेला डम्बलडोर, अशी एक सुसाट थिअरी होती. शेवटचा शब्द ‘व्रण’ असेल, असं खुद्द रोलिंग कितीतरी वर्षं सांगत होत्या. प्रत्यक्षात तो शब्द शेवटून दुसऱ्या वाक्यात सापडतो. एक पात्र उतारवयात पहिल्यांदा जादू करेल, असंही त्यांनी सूचित केलं होतं. लोकांनी पेट्युनियावर, फिल्चवर पैजा लावल्या. जादू कुणीच केली नाही.

सगळ्यात हट्टी थिअरी होती ‘डम्बलडोर मेलेलाच नाही’. त्यावर एक अख्खी वेबसाइट होती. पुरावे कमी आणि माया जास्त. शेवटी न्यूयॉर्कच्या त्याच कार्यक्रमात रोलिंग यांना सांगावं लागलं, की तो खरंच गेलाय. हसू येतं ना? पण विचार करा, दहा-बारा वर्षांची असल्यापासून ज्यांनी त्या म्हाताऱ्यावर विश्वास टाकला, त्यांच्यासाठी पुरावे शोधत बसणं हा निरोप लांबवण्याचा मार्ग होता. आपल्याला तो निरोप घ्यावाच लागला नाही, कारण तो जाणार हे आपल्याला आधीच माहीत होतं. सुटलो की हुकलो, तुम्हीच ठरवा.

मग मजा गेली का?

शेवट ओळखला तर वाचायचं कशाला, असं म्हणणारे असतातच. २१ जुलै २००७ ला लंडनमध्ये मध्यरात्री विक्री सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. एकट्या अमेरिकेत पहिल्या २४ तासांत ८३ लाख प्रती गेल्या. थिअरी बरोबर निघालेल्यांनीही पुस्तक घेतलंच. उलट ‘बघ, मी म्हटलं होतं ना!’ असं ओरडण्याचा हक्क फक्त त्यांचाच होता.

यावर जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं म्हणणं मला फार पटतं. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चं पहिलं पुस्तक १९९६ चं. जॉन स्नोचे खरे आई-वडील कोण, हे वाचकांनी सिरियल येण्याच्या कितीतरी आधी ताडलं होतं. मार्टिन यांनी २०१४ मध्ये एडिनबराच्या पुस्तक महोत्सवात सांगितलं, की काही वाचकांनी धागे जुळवून उत्तरं ओळखली आहेत, पण म्हणून शेवट बदलणं घातक ठरेल, कारण ते धागे त्यांनीच पेरलेत. वाचकाला चकवायचं म्हणून उत्तर बदललं, तर आधीची सगळी पुस्तकं खोटी पडतात. नीट वाचणाऱ्याला शिक्षा कशाला?

त्यांचं पाचवं पुस्तक २०११ ला आलं. सहाव्याचा अजून पत्ता नाही आणि सातवं, म्हणजे शेवटचं, तर दूरच. सिरियल २०१९ मध्ये संपली, पुस्तकांची गोष्ट मात्र उघडीच आहे. म्हणजे २००५ च्या वाचकांना मिळालेली ती जागा तुमच्यासाठी अजून रिकामी आहे. एवढंच करा, ‘एंडिंग एक्सप्लेन्ड’ व्हिडिओवर क्लिक करण्याआधी आपले तीन अंदाज वहीच्या मागच्या पानावर लिहा. समोर पुराव्याचा पान नंबर हवा. चुकलात तर चुकलात, निकाल थोडीच लागणारे?

आणि सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर पहिलं पुस्तक उघडा. नेड स्टार्कला आपली बहीण आठवते, ते प्रसंग शोधा. त्यात निळी फुलं कितीदा येतात, मोजा. आता सांगा, का?