चित्रा झडप कशी घडली

लहानपणी घसा दुखून ताप येतो, चार दिवसांत उतरतो आणि घरचे तो विसरूनही जातात. काही मुलांच्या बाबतीत मात्र घशातल्या जंतूंशी लढायला शरीराने उभी केलेली ताकद स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. झडपा सुजतात, जाड होतात, एकमेकींना चिकटतात. पंचविशी-तिशीत जिना चढताना दम लागू लागतो तेव्हा कुठे आजार कळतो. हा ऱ्हुमॅटिक हृदयविकार गरिबीचा, दाटीवाटीच्या घरांचा आजार आहे. झडप पार खराब झाली तर ती काढून कृत्रिम बसवावी लागते. १९७०च्या दशकात भारतात ही झडप परदेशातून यायची आणि ज्यांना ती सर्वांत जास्त लागायची त्यांनाच तिची किंमत झेपत नसे.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने ती इथेच बनवायचे ठरवले. संस्थेच्या रुग्णालयाची इमारत त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेली. पुढे पूजप्पुरा भागातला सॅटेलमंड राजवाडाही त्यांनी तंत्रज्ञान विभागासाठी दिला. १९८०च्या संसदीय कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचे स्थान आणि विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संचालक होते हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन. शस्त्रक्रियागृह आणि अभियंत्यांची कार्यशाळा एकाच संस्थेत असणे, हे मला या सगळ्याचे मर्म वाटते. टाके घालताना सर्जनला काय अडते हे अभियंत्याला दुसऱ्या दिवशी कळू शकते. त्यासाठी दोन खात्यांमधला पत्रव्यवहार लागत नाही.

झडप दिसायला साधी. दोन रुपयांच्या नाण्याएवढी धातूची कडी, तिच्यात कलणारी एक चकती आणि टाके घालण्यासाठी बाहेरून पॉलिएस्टर कापडाचा गोल काठ. पुढच्या बाजूने रक्ताचा दाब आला की चकती कलते, वाट मोकळी होते. दाब उलटला की ती परत जागेवर बसते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हे दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा घडते, वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा. यात एकदाही चुकून चालत नाही. चकती अडकली किंवा निसटली तर रुग्णाच्या हाती फार थोडा वेळ उरतो.

झडप दहा वर्षे टिकते का, हे पाहायला दहा वर्षे थांबता येत नाही. म्हणून ती पाण्यासारख्या द्रवात, यंत्रावर, हृदयाच्या कितीतरी पट वेगाने चालवतात. सेकंदाला बारा वेळा उघडझाप केली तरी दहा वर्षांचे सुमारे ३८ कोटी ठोके पुरे व्हायला रात्रंदिवस एक वर्ष लागते. एखादा धातू चुकीचा निवडला, हे कळायलाच अनेक महिने जाऊ शकतात.

आणि निवड अनेकदा चुकली. जी. एस. भुवनेश्वर आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी एकामागून एक नमुने केले. सुरुवातीला चकती धरून ठेवणाऱ्या दांड्या वेल्डिंगने जोडल्या होत्या. तिथेच त्या दगा देऊ लागल्या. मग अख्खी कडी धातूच्या एकाच तुकड्यातून कोरायचे ठरले. चकतीसाठी कृत्रिम नीलमणी घेतला, कारण तो अत्यंत कठीण आणि गुळगुळीत. पण त्याच्या कठीणपणापुढे टायटॅनियमची कडी झिजू लागली. टायटॅनियम जाऊन कोबाल्टचा मिश्रधातू आला, तर आता नीलमणीच भंगला. अखेर चौथ्या नमुन्यात चकती प्लास्टिकची झाली. हे प्लास्टिक म्हणजे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन, कृत्रिम खुब्याच्या सांध्यात आधीपासून वापरात असलेले. ते धातूला खात नाही, स्वतःही फार झिजत नाही आणि त्याचा आवाज कमी होतो. छातीतली टकटक रात्री झोपू देत नाही अशी तक्रार यांत्रिक झडपा बसवलेले रुग्ण करतात, म्हणून हा शेवटचा गुणही लहान नाही. यंत्रावरच्या चाचण्यांनंतर ही झडप मेंढ्यांच्या हृदयात बसवून पाहिली गेली.

सार्वजनिक पैसा नेमका कुठे लागतो, ते इथे दिसते. तीन नमुने अपयशी ठरले आणि त्यात कित्येक वर्षे गेली. विकायला काहीच नसताना एवढी वर्षे तग धरणे बहुतेक कंपन्यांना शक्य नसते, आणि तसा हट्ट त्यांच्याकडे धरणेही योग्य नाही. संस्थेला ते शक्य झाले, कारण तिचा खर्च सरकार उचलत होते आणि प्रत्येक अपयशातून पुढचा नमुना सुचत होता. असे अपयश हिशेब तपासनिसाच्या वहीत वाया गेलेला खर्च म्हणून दिसते. मला ती या कामातली सर्वांत मोलाची गुंतवणूक वाटते.

उलट, चांगली झडप एकदा बनवणे आणि हजारो वेळा तशीच बनवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम विद्यापीठाच्या प्रकृतीला मानवत नाही. तिथे टीटीके समूह आला, प्रेस्टीज कुकरमुळे आपल्याकडे घराघरांत ठाऊक असलेला. तिरुवनंतपुरममध्येच कारखाना उभा राहिला. तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणजे आराखड्यांची फाइल हातात देणे, असा समज असतो. पण कडी कोरताना हत्यार किती झिजल्यावर बदलायचे, चकतीवरचा कोणता ओरखडा चालेल आणि कोणता नाही, असले शहाणपण आराखड्यात उतरत नाही. ते माणसांबरोबर जाते; म्हणून संस्थेचे अभियंते आणि कारखान्याचे कामगार काही काळ शेजारी शेजारी उभे राहून काम करतात, तेव्हाच हस्तांतरण खऱ्या अर्थाने होते. धूळमुक्त खोल्या, प्रत्येक झडपेचा स्वतंत्र क्रमांक, निर्जंतुकीकरण, देशभरच्या रुग्णालयांत वेळेवर पुरवठा हे सारे कंपनीच्या अंगावर येते. अशा करारात संस्थेला साधारणपणे सुरुवातीची ठरावीक रक्कम आणि पुढे विक्रीवर रॉयल्टी मिळते.

६ डिसेंबर १९९० रोजी पहिली झडप माणसाच्या हृदयात बसली. पुढे सहा रुग्णालयांत मिळून ३०६ रुग्णांवर तिची चाचणी झाली. त्या काळी भारतात हृदयाच्या झडपांवर नियंत्रण ठेवणारा कायदाच नव्हता. त्या औषध कायद्याच्या कक्षेत आल्या २००५ मध्ये. म्हणजे कोणी विचारणारे नसतानाही अनेक केंद्रांवर चाचणी घेऊन रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा ठेवला गेला. याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे ही झडप एक लाखाहून अधिक रुग्णांना बसली, आयात झडपेपेक्षा कितीतरी कमी किमतीत. झडपेप्रमाणेच याच संस्थेने विकसित केलेल्या रक्तपिशवीचे उत्पादन पेनिन्सुला पॉलिमर्स या स्थानिक कंपनीने उभे केले आणि नंतर जपानची तेरुमो तिच्यात भागीदार झाली.

अशी सांगड महाराष्ट्रातही घातली जाते. आयआयटी मुंबईत २०१४ पासून ‘बेटिक’ हे केंद्र डॉक्टर आणि अभियंत्यांना एकत्र बसवते; पुणे आणि नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थाही त्यात सामील झाल्या. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईच्या संशोधनातून निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीच्या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. नियमही आता पक्के झाले आहेत: वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७चे, आणि हृदयाची झडप त्यांतल्या सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात. संस्था आणि कंपनी यांच्यातल्या प्रत्येक करारात किंमत आणि पुरवठ्याची अट सही करतानाच लिहून घ्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे. संशोधनाची वर्षे जनतेच्या पैशावर निघालेली असतात, आणि उत्पादन एकदा बाजारात आले की संस्थेच्या शब्दाला तेवढे वजन उरत नाही.

करारानंतरही एक काम उरते. धातूच्या कडीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून झडप बसवलेल्या रुग्णाला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. गोळी कमी पडली तर चकती अडकू शकते, जास्त झाली तर रक्तस्राव होऊ शकतो. विशीत झडप बसलेली बाई पुढे गरोदर राहते, तेव्हा डॉक्टरांना गोळीचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो, कारण ही गोळी गर्भाला बाधू शकते. झडप विकली गेली की कारखान्याच्या नोंदीत तो व्यवहार संपतो. ही बाई मात्र वर्षानुवर्षे बाह्यरुग्ण विभागात येत राहते, आणि झडप कशी चालली आहे याची खरी नोंद तिच्या केसपेपरात होते. तो केसपेपर पुन्हा अभियंत्यांच्या टेबलावर पोचावा, ही सोय विद्यापीठाचे रुग्णालयच करू शकते.