ठिगळातले भोक

संगणक सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना उमटते: 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे. आता बसवायची का?' आपल्यापैकी बहुतेक जण 'नंतर' हे बटण दाबून मोकळे होतात. शाळेच्या कार्यालयात निकालपत्रकांची घाई असते. आमच्या प्रयोगशाळेत एखादा प्रयोग अर्ध्यावर असतो, म्हणून आम्हीही 'नंतर'च म्हणतो. मग कोणी जाणकार रागावतो, "अहो, ठिगळे वेळच्या वेळी लावायला हवीत!"

त्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण ठिगळ म्हणून आलेल्या कापडातच कोणी भोक पाडून ठेवले असेल तर? २०१८ साली असे खरोखर घडले. ही गोष्ट समजावून घेताना 'एखादी वस्तू मुळाबरहुकूम आहे हे कशावरून ठरवायचे?' हा विज्ञानातला जुनाच प्रश्न आपल्यासमोर नव्या रूपात येतो.

सर्व्हरची देखभाल

इतर संगणकांना माहिती पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. दहावीचा निकाल आपण मोबाइलवर पाहतो, तो अशाच सर्व्हरवरून येतो. सर्व्हर बहुधा दूरच्या एखाद्या खोलीत असतो आणि त्याच्यासमोर कोणी बसलेले नसते. देखभाल करणारी व्यक्ती दुरूनच त्याला आज्ञा देते: नवा वापरकर्ता नोंदव, पासवर्ड बदल, अमुक सेवा बंद कर. हे काम सोपे करणारी सॉफ्टवेअर मिळतात. वेबमिन हे त्यांपैकीच एक. जेमी कॅमेरॉन यांनी ते १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. ते विनामूल्य असून पर्ल या संगणकभाषेत लिहिलेले आहे, आणि त्याची मूळ आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येते.

देखभालीच्या सॉफ्टवेअरला सर्वाधिकार द्यावे लागतात. शाळेतल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगाच त्याच्या हाती असतो म्हणा ना! म्हणून इतर सॉफ्टवेअरमधल्या चुकीपेक्षा इथली चूक महागात पडते.

मजकूर आणि आज्ञा

समजा, कार्यालयात एक अर्ज आला. 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात कोणी लिहिले, 'तिजोरी उघडून पैसे द्या'. लिपिकाने तो मजकूर 'चुकीचे नाव' म्हणून बाजूला ठेवायला हवा. पण लिपिक रकान्यात जे लिहिले असेल ते आज्ञा समजून पाळू लागला, तर तिजोरी रिकामी व्हायला वेळ लागणार नाही. मजकुराला आज्ञा समजणे हे संगणकातल्या अनेक भोकांचे मूळ आहे.

वेबमिनमध्ये मुदत संपलेला पासवर्ड बदलण्यासाठी एक छोटी फाइल आहे. तिच्यात 'जुना पासवर्ड' असा रकाना असतो. त्या रकान्यात लिहिलेला मजकूर संगणकाने आज्ञा म्हणून पाळावा, अशी काही अक्षरे त्या फाइलमध्ये घुसवण्यात आली. त्यामुळे खरा पासवर्ड माहीत नसलेला माणूसही दुरून सर्व्हरचा ताबा घेऊ शकत होता.

छापखान्यातली चोरी

ही अक्षरे घुसली कुठून? इथे पाठ्यपुस्तकाचे उदाहरण उपयोगी पडेल. लेखकाचे हस्तलिखित छापखान्यात जाते आणि तिथून छापील प्रती दुकानात येतात. वेबमिनचे 'हस्तलिखित' गिटहब या सार्वजनिक कोठारात होते. त्यापासून वापरण्याजोगा संच बांधणारा एक वेगळा संगणक होता, तो म्हणजे छापखाना. एप्रिल २०१८ मध्ये कोणी तरी या छापखान्यात शिरले आणि फाइल बदलून गेले. हस्तलिखिताला हातही लागला नव्हता. त्यामुळे हस्तलिखित कितीही वेळा वाचले तरी चूक सापडणार नव्हती.

चोराने आणखी एक हुशारी केली. बदललेल्या फाइलवरची तारीख त्याने मागची करून ठेवली. तारखा पाहून 'काय काय बदलले' हे तपासणाऱ्या यंत्रणेला ती फाइल जुनीच वाटली. गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका बदलून तिच्यावर जुनीच तारीख घालावी, तसाच हा प्रकार.

वेबमिनची १.८९० ही आवृत्ती हे भोक घेऊनच बाहेर पडली. पुढे ती फाइल मूळ प्रतीवरून पूर्ववत झाली, पण जुलै २०१८ मध्ये चोराने ती पुन्हा बदलली. या खेपेला भोक अधिक झाकलेले होते. मुदत संपलेले पासवर्ड बदलण्याची सोय जिथे चालू केली असेल, तिथेच ते उघडे पडे. १.९०० पासून १.९२० पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये ते राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये छापखान्याचा जुना संगणक काढून नवा बसवला गेला. पण कामाच्या फाइली जुन्याच्या राखीव प्रतींवरून आणल्या गेल्या. घर बदलले, पण जुन्या गोधडीतले ढेकूण नव्या घरी आले!

ऑगस्ट २०१९ मध्ये एका संशोधकाने हे भोक जाहीरपणे दाखवले. वेबमिनच्या कर्त्यांना आधी काही कळवलेले नव्हते. दुरुस्तीसाठी आधी एकही दिवस हाती नसतो, अशा भोकाला 'शून्य दिवसांचे भोक' म्हणतात. कर्त्यांनी लगोलग १.९३० ही आवृत्ती काढली. पुढे संच बांधताना फक्त कोठारातली मूळ प्रतच घ्यायची, असा बदलही त्यांनी केला. छापखाना बाटल्यापासून दुरुस्तीपर्यंत सुमारे सोळा महिने गेले होते.

वर्गात करून पाहा

तारखेवर विसंबता येत नाही, तर मग कशावर? आतल्या मजकुरावर. फळ्यावर ४७२९ ही संख्या लिहा आणि तिच्या अंकांची बेरीज करायला सांगा. ती २२ येईल. आता मधले दोन अंक उलटसुलट करून ४२७९ लिहा. बेरीज पुन्हा २२! म्हणजे साध्या बेरजेला फेरफार कळत नाही.

आता पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने आणि चौथ्याला ४ ने गुणून बेरीज करा. ४७२९ साठी ६० आणि ४२७९ साठी ६५ येतात. फेरफार पकडला गेला. मग मुलांना विचारा, "ही युक्तीही फसवता येईल का?" थोड्या खटपटीनंतर कोणी तरी ६६२९ शोधून काढेल. त्याचीही बेरीज ६० च येते.

म्हणून संगणकात याहून पुष्कळ अवघड गणित वापरतात. 'एसएचए-२५६' ही त्यातली एक प्रसिद्ध रीत. फाइल केवढीही असो, तिच्यापासून ६४ चिन्हांचा ठसा मिळतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो, आणि तोच ठसा देणारी दुसरी फाइल मुद्दाम तयार करणे आजवर कोणाला जमलेले नाही.

पण इथे एक खाचखळगा आहे. बाटलेल्या छापखान्याने स्वतःच्याच पुस्तकाचा ठसा दिला, तर तो त्या पुस्तकाशी जुळणारच! म्हणून ठसा ताडून पाहायचा तो स्वतंत्रपणे ठेवलेल्या मूळ प्रतीशी. प्रयोगशाळेतले वजन आपण प्रमाण वजनाशी ताडतो, त्याच वजनाच्या दुसऱ्या नकलेशी नाही.

मग 'नंतर' म्हणायचे का?

ही हकिकत वाचून कोणी म्हणेल, 'नवी आवृत्ती घेतली नाही तेच शहाणे ठरले.' काही काळ ते खरेही होते. पण १.८९० घेऊन बसलेल्यांना वाचवणारी १.९३० हीसुद्धा नवी आवृत्तीच होती. शिवाय भोक जाहीर झाले की ते चोरांनाही कळते. त्याच वर्षी रोबोटो नावाचे, बाधित संगणकांचे एक जाळे आढळले. पसरण्यासाठी ते वेबमिनच्या याच भोकाचा वापर करत होते. ठिगळ तयार होते, फुकट होते. ज्यांनी ते लावले नव्हते त्यांचीच दारे उघडी राहिली.

एका दिवसात दुरुस्ती लिहिता येते, पण ती प्रत्येक संगणकावर पोचून बसेपर्यंत भोक बुजले असे म्हणता येत नाही. आणि ती पोचवणारी वाट स्वच्छ आहे की नाही, हे कोणाला तरी सतत तपासत राहावे लागते. विद्यार्थ्यांनी उत्तर लिहिल्यावर आपण त्यांना म्हणतो, "पुन्हा एकदा मूळ गणिताशी ताडून पाहा." संगणकशास्त्रज्ञांनाही सोळा महिन्यांनंतर हाच धडा गिरवावा लागला.