मोटारसायकलच्या पुढील दांड्यांतून झिरपणारें तेल

मोटारसायकलच्या पुढल्या दोन दांड्यांपैकीं एखादीवर तेलाचें वर्तुळ दिसूं लागलें, म्हणजे घरांतील मंडळी तें फडक्यानें पुसतात आणि विसरून जातात. गाडी चालत असते, आवाज कांहीं येत नाहीं, जमिनीवर थेंबहि पडत नाहीं. मग चिंता कसली? परंतु हें तेल ओघळून शेवटीं कोठें पोंचतें, तें एकदां वांकून पाहावें. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांना पुढें डिस्क-ब्रेक असतो, आणि त्याची तबकडी व तिला धरणारा कॅलिपर हीं दोन्ही त्याच दांडीच्या पायथ्याशीं असतात. तेथें तेल लागलें कीं ब्रेक दाबूनहि गाडी वेळेवर थांबत नाहीं. जुन्या गाड्यांचा ब्रेक डब्यांत बंद असे, त्यामुळें हें तेल बहुधा बाहेरच गळून जाई. त्या काळचा निष्काळजीपणा आतां चालावयाचा नाहीं. १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या सर्व नव्या गाड्यांना आपल्या देशांत २०१९ च्या एप्रिलपासून ए.बी.एस. सक्तीचें झालें आहे, हें खरें. पण ती यंत्रणा चाक अडकूं देत नाहीं, एवढेंच. तेलकट झालेल्या पॅडला पकड आणून देणें तिच्या हातीं नाहीं.

मेस्त्रीलोक ज्यांना पुढचे शॉकअप म्हणतात, त्या ह्या दांड्या म्हणजे एकांत एक सरकणाऱ्या नळ्या होत. वरची नळी पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेली व आरशासारखी गुळगुळीत असते. तिला पाईप म्हणतात. ती खालच्या रुंद ॲल्युमिनियमच्या नळींत वरखालीं सरकते. आंत स्प्रिंग असते व तेल असतें. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते. परंतु नुसत्या स्प्रिंगवर गाडी पाळण्यासारखी झोके घेत राहील. तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातांना जो अडथळा होतो, त्यानें ते झोके शमतात. बी.एम.डब्ल्यू. ह्या जर्मन कंपनीनें १९३५ सालीं आपल्या आर-१२ ह्या गाडीला असला तेलाचा फोर्क बसविला, आणि तेव्हांपासून त्याचा प्रसार झाला. नळी सरकली पाहिजे, पण तेल बाहेर येतां कामा नये, हें परस्परविरुद्ध काम एका रबरी कड्यावर सोंपविलेलें असतें. त्याचें नांव ऑईल सील. सील म्हणजे मुद्रा. पत्रावरील मुद्रा फुटली कीं आंतला मजकूर चव्हाट्यावर येतो, तसेंच हें. साधें रबर खनिज तेलांत फुगतें, म्हणून तें बहुधा नायट्राईल नांवाच्या कृत्रिम रबराचें करतात. त्याचा पातळ ओठ पाईपला बिलगलेला असतो, व एक बारीक वाटोळी स्प्रिंग त्यास आवळून धरते.

रबर कालांतरानें कडक होतें व सील निकामी होतें, हें स्वाभाविकच आहे. परंतु आमचें मत असें कीं, अकालीं गळणाऱ्या सीलबद्दल प्रथम दोष पाईपकडे पाहावा. आमच्या पुतण्याच्या गाडीचें उजवें सील एका वर्षांत तीनदां बदललें गेलें. “काका, हल्लीं सीलच हलकीं येतात,” असें तो म्हणे, आणि मेस्त्रीहि मान डोलावी. चवथ्या वेळीं आम्हीं पाईप स्वच्छ पुसून त्यावरून नखाची कड फिरविली. एके जागीं नख अडखळलें. खडा उडून क्रोमचा टवका गेला होता, व तेथें मोहरीच्या निम्म्याएवढा गंज धरला होता. गाडी दबली कीं तो गंज नव्या सीलच्या ओठावरून करवतीसारखा फिरे. तीन वेळचें तेल, तीन वेळची मजुरी, आणि दरम्यान ब्रेकचा भरंवसा नाहीं तो नाहींच! असा टवका सीलच्या वाटेवर नसेल तर बिघडत नाहीं. वाटेवर असला आणि अगदीं उथळ असला, तर अतिबारीक पॉलिश-पेपर तेलांत भिजवून त्याची उठलेली धार तेवढी मोडावी. खोल असेल तर पाईप नवा घ्यावा किंवा त्यावर पुन्हां कठीण क्रोम चढवून घ्यावें. तिसरा उपाय नाहीं.

पाईप निर्दोष निघाला, तरीहि लगेच गाडी खोलूं नये. पुष्कळदां ओठाखालीं चिखलाचा कण अडकलेला असतो. वरचें धुळीचें रबर उचलून, जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पट्टी ओठाखालीं सरकवावी व पाईपभोंवतीं फिरवून कचरा बाहेर ओढावा. जुन्या घरांतून अशा निगेटिव्ह कपाटांत पडलेल्या असतातच. ह्यानें गळती थांबली तर उत्तम.

न थांबल्यास दोन्ही बाजूंचीं सीलें एकदमच बदलावीं, कारण दोघांचें वय सारखेंच असतें. इंजिनाखालीं भक्कम आधार देऊन चाक उचलावें. कॅलिपर दोरीनें टांगावा, त्याच्या रबरी नळीवर लोंबकळूं देऊं नये. आणि तबकडी बाहेर असतां ब्रेकचा दांडा कोणींहि, विशेषतः घरांतील मुलांनीं, दाबूं नये. वरचें झांकण पाईप आवळलेला असतांनाच सैल करावें. ह्या झांकणाखालीं स्प्रिंगचा दाब असतो, म्हणून शेवटचे आटे हातानें दाबून, तोंड बाजूस ठेवून फिरवावे. तळाचा ॲलन बोल्टहि स्प्रिंग आंत असतांनाच सैल करावा. एरवीं आंतली दांडी बोल्टाबरोबर गरगर फिरूं लागते व सकाळ फुकट जाते.

नवें सील बसवितांना मात्र घाई नको. पाईपच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ओढून तिला फोर्कचेंच तेल चोपडावें आणि तिच्यावरून सील उतरवावें. टोकाची धार लागली तर ओठ बसण्यापूर्वींच फाटतो. स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे खालीं. मग नेमक्या व्यासाच्या नळीच्या तुकड्यानें चोहोंकडून सारखें ठोकावें. तारेच्या लॉकची खांच पूर्ण दिसूं लागली कीं सील जागीं बसलें. तेल किती व कोणत्या जाडीचें, हें गाडीच्या पुस्तकांत पाहून दोन्हींकडे मिलिलिटरच्या मापानें सारखें घालावें. येथें सढळ हात घातक. तेलावरची हवेची जागा कमी झाली कीं गाडी दबतांना आंतील दाब वाढतो, आणि नवें सीलहि गळूं लागतें.

तेल प्यालेले ब्रेकचे पॅड धुऊन किंवा भाजून पूर्ववत् होत नाहींत. ते नवेच घालावे व तबकडी ब्रेक-क्लीनरनें पुसावी. आंसाचे बोल्ट अखेरचे आवळण्यापूर्वीं गाडी जमिनीवर घेऊन पुढचा भाग पांचसहा वेळां दाबून सोडावा, म्हणजे दोन्ही दांड्या समांतर बसतात. ब्रेकचा दांडा हाताला कडक लागेपर्यंत दाबावा, आणि मगच गाडी फाटकाबाहेर काढावी. आठवड्यानें पाईपवरून बोट फिरवून पाहावें. पुसट ओलसर चकाकी दिसली तर चालेल. वर्तुळ दिसतां कामा नये.