कीबोर्ड घेताय? आधी ‘वऱ्हाड’ लिहून पाहा!

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी छोटा टॅबलेट आहे? हात वर करा पाहू! २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा पुष्कळ घरांत तो आला. कुणाच्या ताई-दादाला जेईई-नीटच्या तयारीसाठी नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेकडून मिळाला. आता त्यावर गोष्टी ऐकतात, क्रिकेट बघतात, खेळ खेळतात. पण पानभर निबंध लिहायचा म्हटला की सगळ्यांची बोटं अडखळतात.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचं असंच झालं. आमचं गाव अमरावती-अकोला रस्त्यावरचं. तिला आपल्या आजीच्या तोंडच्या जुन्या गोष्टी लिहून ठेवायच्या होत्या. आजीचं वय झालेलं. काही गोष्टी ती आताच विसरायला लागली आहे. मुलीनं टॅबलेटवर लिहायला घेतलं आणि चार ओळींतच कंटाळली. मला म्हणाली, “मॅडम, अर्धा पडदा तर कीबोर्डच खाऊन टाकते! मांगं काय लिहिलं ते दिसतच नाही.”

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तिचे बाबा भेटायला आले. “मॅडम, पोरगी मांगं लागली, कीबोर्ड पायजे म्हून. दुकानदार पंधराशेचा सेट दाखवून राह्यला. कीबोर्ड, माऊस, पेन, कव्हर, सगळं आहे त्याच्यात. घेऊ काय?”

पंधराशे रुपये! सोयाबीनच्या भावाची काळजी असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही, बरं का. मी त्यांना म्हटलं, “भाऊ, आठ दिवस थांबा. आधी आपण घरातलंच काही जोडून पाहू.”

पाहुणा कोण, यजमान कोण?

असं म्हणायला कारण होतं. मी स्वतः एकदा फसलेली आहे! स्वस्तात मिळाला म्हणून वायरचा कीबोर्ड आणला, एक छोटा जोड घेतला आणि टॅबलेटला लावला. कीबोर्डचा दिवासुद्धा लागला नाही. मी समजले, कीबोर्ड बिघडलेला आहे. पण दोष कीबोर्डचा नव्हताच. दोष जोडाचा होता.

त्याचं असं आहे. टॅबलेट आपण संगणकाला जोडतो, तेव्हा संगणक असतो यजमान आणि टॅबलेट पाहुणा. वीज यजमान देतो, कामाची सूत्रंही त्याच्याच हाती असतात. पण टॅबलेटला कीबोर्ड जोडायचा, तर आता टॅबलेटनं यजमान व्हायला हवं. ‘तू आता यजमान आहेस’ हे त्याला सांगणारा जो जोड असतो, त्याला ओटीजी म्हणतात. ‘ऑन द गो’ची ही आद्याक्षरं. हे नियम २००१ साली ठरले. दिसायला तसाच असलेला साधा चार्जिंगचा जोड हा निरोप देत नाही. म्हणून दुकानात ‘ओटीजीचाच द्या’ असं स्पष्ट सांगायचं. तो साधारण शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. आणि तुमचा टॅबलेट ओटीजी चालवतो का, हेही आधी विचारायचं. सगळेच चालवत नाहीत.

दुसरा प्रकार बिनतारी, म्हणजे ब्लूटूथचा. हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे? दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होता. त्याच्या नावाची दोन अक्षरं जुन्या रून लिपीत एकमेकांना चिकटवली, की ब्लूटूथचं चिन्ह तयार होतं! हा कीबोर्ड टॅबलेटचं भोक अडवत नाही, त्यामुळे चार्जिंग चालू ठेवून लिहिता येतं. मात्र त्याची स्वतःची बॅटरी असते आणि तीही भरावी लागते. वायरच्या कीबोर्डला ती कटकट नाही. तो टॅबलेटचीच थोडी वीज पितो. रंगीत दिवे लुकलुकणारा असेल, तर जास्तच!

पट्टी घ्या आणि मोजा

आता कंपासपेटीतली पट्टी काढा. मोठ्या संगणकाचा कीबोर्ड समोर घ्या. वरच्या ओळीत ‘क्यू’पासून ‘पी’पर्यंत दहा कळा आहेत. ‘क्यू’च्या मध्यापासून ‘पी’च्या मध्यापर्यंत मोजा. साधारण १७ सें.मी. भरेल. दोन कळांच्या मध्यांमधलं अंतर १९ मि.मी. आणि अशी अंतरं नऊ. गुणाकार करून पाहा!

आठ इंची टॅबलेटच्या कव्हरमध्ये बसणाऱ्या कीबोर्डला एवढी जागा मिळत नाही. तिथे हेच अंतर १३-१४ सें.मी. भरतं. छोट्या बोटांना हे चालून जातं, पण आईबाबांची बोटं एकदम दोन कळांवर पडतात. म्हणून घरात कोण कोण लिहिणार, ते आधी ठरवा. टॅबलेट लहान आहे म्हणून कीबोर्डही लहानच हवा, असं मुळीच नाही. बसून लिहायचं असेल, तर मोठा कीबोर्ड बाजूला ठेवला तरी चालतो.

मराठी अक्षरं कुठे राहतात?

आता खरी गंमत. पुष्कळ पालक विचारतात, “मराठीचा कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो का?” नाही! कळेवर काय छापलंय, याच्याशी टॅबलेटला काही देणंघेणं नसतं. कोणती कळ दाबली एवढंच त्याला कळतं. त्या कळेचं अक्षर कोणतं, ते टॅबलेटच्या आतली मांडणी ठरवते.

इंग्रजी कळांची ‘क्वर्टी’ मांडणी १८७४ साली अमेरिकेत विक्रीला आलेल्या टाइपरायटरपासून चालत आली. मराठी टाइपरायटरची मांडणी वेगळी होती. मी तरुणपणी अमरावतीला टायपिंगच्या क्लासला जायची, तेव्हा तीच शिकले. पण संगणकासाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची मांडणी ठरवली. १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

ती आपल्या बाराखडीसारखीच शिस्तीची आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘के’च्या कळेवर क आणि शिफ्ट धरून ख. ‘आय’वर ग आणि शिफ्ट धरून घ. ‘एल’वर त, थ. ‘एच’वर प, फ. जोडाक्षर करायचं असेल तर मध्ये ‘डी’ची कळ दाबायची, तो झाला पाय मोडण्याचा हलन्त. अकोला लिहायचंय? शिफ्ट-डी, के, ए, एन, ई. पाच कळा आणि झालं!

टाइपरायटरची सवय असल्यामुळे पहिला आठवडा माझी बोटं सारखी चुकत होती. तुमच्या बोटांना जुनी सवयच नाही, म्हणून तुम्ही माझ्याहून लवकर शिकाल.

आता दुकानात करायची परीक्षा सांगते. आपल्या भागाचं नाव लिहून पाहा: ‘वऱ्हाड’. इन्स्क्रिप्टमध्ये कळा अशा: बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि शेवटी ‘पी’च्या उजवीकडची चौकटी कंसाची कळ. हा शब्द का निवडला? त्यात दोन अवघड जागा आहेत. एक, ‘ऱ्ह’. मांडणी नीट असेल तरच तो उमटतो. दुसरी, ‘ड’. छोटे कीबोर्ड बनवताना जागा वाचवायची म्हणून उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळा बारीक करतात, भलतीकडे हलवतात, नाहीतर दुसऱ्या कळेत कोंबतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यानं फारसा फरक पडत नाही. पण मराठीचे च, ट आणि ड तिथेच राहतात! ‘चटणी’ लिहिताना प्रत्येक वेळी दोन कळा दाबाव्या लागल्या, तर लिहिण्याचा उत्साह किती दिवस टिकेल?

काही टॅबलेटमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठी मांडणी आधीच असते. काहींत वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. इथे पालकांनी लक्ष द्यावं. कीबोर्डचं अ‍ॅप म्हणजे आपण लिहिलेलं प्रत्येक अक्षर ज्याच्या हातून जातं असा टपालवाला. तो ओळखीचा हवा. अ‍ॅप टॅबलेटच्या अधिकृत दुकानातूनच घ्या, आणि अनोळखी अ‍ॅपवरून पासवर्ड कधीच लिहू नका.

बाकीचा लवाजमा

माऊस? ओटीजी किंवा ब्लूटूथवर तोही चालतो, पडद्यावर बाण येतो. पण बोट असताना त्याची फारशी गरज पडत नाही. पेन? रबरी टोकाचं साधं पेन बहुतेक पडद्यांवर चालतं, पण ते बोटाचंच काम करतं. बारीक रेघ काढणारं महाग पेन ठरावीक टॅबलेटवरच चालतं. कीबोर्ड चिकटलेलं कव्हर बहुधा एकाच मापाचं असतं. टॅबलेट बदलला की ते वाया! आणि स्टँड तर विकत घेऊच नका. बुटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा तंबूसारखा दुमडा, पुढे दोन बोटं रुंदीची खाच ठेवा. झाला स्टँड!

एक गोष्ट खास आपल्या वऱ्हाडासाठी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बॅटरीला ही उष्णता सोसत नाही. टॅबलेट, ब्लूटूथ कीबोर्ड उन्हात, टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. उशीखाली ठेवून चार्ज तर मुळीच करू नका. अगदी कूलरसमोरही नको, तिथले तुषार कळांच्या फटीत जातात.

मग त्या मुलीचं काय झालं?

तिच्या मामाकडे, अकोल्याला, जुन्या संगणकाचा कीबोर्ड माळ्यावर धूळ खात पडला होता. मी विचारलं, “टोक चपटं आहे की गोल?” त्याहून जुन्या कीबोर्डचं टोक गोल असतं, ते साध्या ओटीजीत बसत नाही. नशिबानं चपटं निघालं. बाबांनी फक्त ओटीजी जोड आणला. पहिल्या दिवशी इंग्रजी उमटलं, मराठी काही केल्या उमटेना. दोन दिवस शोधून योग्य अ‍ॅप सापडलं आणि पडद्यावर ‘वऱ्हाड’ उमटलं. घरात टाळ्या पडल्या म्हणे!

आता रोज संध्याकाळी आजी खाटेवर बसून सांगते आणि नात लिहिते. पडदा पूर्ण मोकळा, म्हणून मागच्या ओळी दिसतात. मध्येच आजी म्हणते, “वाचून दाखव बरं, म्या काय सांगतलं ते.” आणि चुकलं असेल तर दुरुस्त करते. तीन गोष्टी पूर्ण झाल्या आहेत. बाबांचे पंधराशे रुपये घरीच राहिले.

दुकानात जाण्याआधी

१. काय लिहायचं आणि कोण लिहिणार, ते ठरवा.
२. घरी, नातेवाइकांकडे जुना कीबोर्ड आहे का, विचारा.
३. टॅबलेट ओटीजी आणि ब्लूटूथ यांपैकी काय चालवतो, ते पाहा.
४. टॅबलेट आणि पट्टी सोबत न्या. ‘क्यू’ ते ‘पी’ मोजा.
५. तिथेच ‘वऱ्हाड’ आणि ‘चटणी’ लिहून पाहा. मगच पैसे द्या.

तुमच्या घरी आजी-आजोबा आहेत ना? मग या सुटीत त्यांची एक तरी गोष्ट लिहून काढा. कीबोर्ड मिळाला तर कीबोर्डवर, नाहीतर वहीत!