पिल्लू पाहावे की पिल्लाची आई?

इंग्लंडमधल्या एका खेड्यातले एक कुटुंब कुत्र्याचे पिल्लू आणायला निघाले आहे, अशी कल्पना करा. वडिलांना हिवाळ्यात शिकारीला बरोबर येणारा कुत्रा हवा आहे. मुलांना घरभर हुंदडणारा सवंगडी हवा आहे. आईला दोन्ही गोष्टी चालतील, पण कुत्रा चावरा नको. इतक्या मागण्या एकाच प्राण्याने पुऱ्या करायच्या म्हटले की ब्रिटनमध्ये हमखास स्पॅनियलचे नाव पुढे येते, आणि त्यातही इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियलचे.

मंडळी पोहोचतात. गवतावर आठ आठवड्यांची सहा पिल्ले खेळत आहेत. तपकिरी-पांढरा रंग, लोंबते कान, सारखी हलणारी शेपटी. त्यांतले एक पिल्लू तुरुतुरु धावत येते आणि धाकट्या मुलाच्या बुटाची नाडी दातांत धरून ओढू लागते. ‘हेच घ्यायचे!’ मुले ओरडतात.

नाडी ओढणारे पिल्लू उद्या चांगला कुत्रा होईल, हा निष्कर्ष विज्ञानाच्या कसोटीला कितपत उतरतो, ते आपण पाहू.

आधी स्प्रिंगरचे काम काय ते समजून घ्यायला हवे. ‘स्प्रिंग’ म्हणजे उसळणे. झुडपांत दडून बसलेला फेझंट पक्षी किंवा ससा हुंगून शोधायचा आणि त्याला उठवायचे, म्हणजे अक्षरशः उसळवायचे, यावरून हे नाव पडले. एके काळी एकाच वेतातली लहानखुरी पिल्ले ‘कॉकर’ आणि मोठी पिल्ले ‘स्प्रिंगर’ म्हणून ओळखली जात. तेथील केनेल क्लबने स्प्रिंगरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती १९०२ साली.

हे काम दिसते तितके सोपे नाही. कुत्रा मालकाच्या पुढे नागमोडी धावत रान पिंजून काढतो. पण त्याने पंचवीस-तीस मीटरांपलीकडे जायचे नाही. छऱ्यांच्या बंदुकीचा टप्पाच बेताचा असल्यामुळे दूरवर उठवलेला पक्षी काय कामाचा? पक्षी उडाला की कुत्र्याने जागच्या जागी बसायचे. सारे अंग ‘धाव’ म्हणत असताना बसायचे! बार झाल्यावर, आज्ञा मिळाली तरच, जाऊन पडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, आणि तोही दात न रुतवता. अफाट उत्साह, तीक्ष्ण नाक, हलके तोंड आणि माणसाचे ऐकण्याची वृत्ती असे चार गुण ज्या कुत्र्यांत दिसले, त्यांचीच पुढे पैदास होत गेली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही कृत्रिम निवडच होय.

निवड बदलली की प्राणीही बदलतो. काही लोकांनी स्प्रिंगर प्रदर्शनासाठी पैदा केले. तेथे परीक्षक पाहणार रूप. म्हणून अंगाने भरदार, लांब कानांचे, भरघोस केसांचे कुत्रे निपजले. रानात काम करणारी शाखा अंगाने हलकी, कान आखूड, केस कमी आणि चपळाई दांडगी अशी राहिली. नाव एकच असले तरी या दोन शाखांची पैदास अनेक पिढ्या वेगवेगळी चालत आली आहे. म्हणून जाणता शिकारी पिल्लू पाहण्याआधी वंशावळीचा कागद मागतो. रानातील स्पर्धांत अजिंक्यपद मिळवलेल्या पूर्वजांची नावे त्यावर लाल शाईत दाखवण्याचा तेथे प्रघात आहे. मात्र लाल नावांची गर्दी दिसली म्हणून हुरळून जाणेही बरे नव्हे. असा कुत्रा दिवसभर रानात धावायला घडलेला असतो. त्याला रोज भरपूर धावणे आणि डोक्याला काही काम मिळाले तर तो घरात शांत झोपतो. न मिळाले तर चपला, गाद्या, फुलझाडे यांवर आपला उत्साह खर्च करतो. त्यात दोष कुत्र्याचा नसतो.

आता त्या नाडीकडे वळू. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांची चाचणी घेण्याची पद्धत जुनी आहे. चेंडू टाकून पाहायचा, उताणे धरून पाहायचे, आवाज करून पाहायचा आणि त्यावरून मोठेपणीचा स्वभाव ताडायचा. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्ड जातीच्या शेकडो पिल्लांची अशी चाचणी घेऊन, तीच पिल्ले मोठी झाल्यावर पुन्हा तपासली गेली. १९९८ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की आठव्या आठवड्यातील गुणांचा मोठेपणीच्या कामगिरीशी जवळजवळ काही संबंध नव्हता. नाडी ओढणारे पिल्लू कदाचित नुकतेच झोपून उठले असेल, आणि कोपऱ्यातले गरीब पिल्लू तासभर दंगा करून दमले असेल!

पिल्लावरून फारसे कळत नाही, तर मग कशावरून कळते? पिल्लू कुठे आणि कसे वाढले, यावरून बरेच कळते. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेचा एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्ले त्यांच्या आयांबरोबर उंच कुंपणाच्या मोठ्या आवारात, माणसांपासून दूर ठेवली होती. काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात बाहेर आणून फक्त एक आठवडा माणसांचा सहवास दिला. उरलेल्यांना चौदा आठवडे माणसाचा हात लागला नाही. ही शेवटची पिल्ले रानटी जनावरांसारखी वागू लागली. माणूस जवळ आला की ती भेदरून पळत. विशेष म्हणजे ती स्पॅनियल आणि बीगल यांच्यासारख्या मायाळू जातींची होती.

साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाच्या मनाची दारे उघडी असतात, असे आज मानले जाते. या नऊ आठवड्यांपैकी पहिले पाच पिल्लू पाळणाऱ्याच्या घरी काढते आणि मग तुमच्याकडे येते. तेव्हा ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भांड्यांच्या आवाजात, मुलांच्या पायांत वाढले की अंधाऱ्या शेडमध्ये, हे विचारणे फार महत्त्वाचे. आवाजाला बुजणाऱ्या कुत्र्याला पुढे बंदुकीच्या बाराची सवय लावणे कठीण जाते. बार ऐकवायचा तोही काही महिन्यांनंतर, दुरून, आणि हळूहळू अंतर कमी करत.

पण एक प्रश्न असा आहे की तो डोळ्यांना दिसतच नाही. स्प्रिंगरमध्ये फ्युकोसिडोसिस नावाचा आनुवंशिक रोग आढळतो. पेशींतील लयकारिकांमध्ये एका शर्करेचे विघटन करणारे विकर या कुत्र्यांत नसते, त्यामुळे न मोडलेला कचरा साचत जातो आणि मेंदूतील पेशी बिघडतात. जन्मापासून दोष असूनही लक्षणे दिसतात ती बहुधा दीड ते चार वर्षांच्या वयात. कुत्रा अडखळू लागतो, शिकलेले विसरतो, त्याला गिळणे जड जाते. यावर इलाज नाही. मुलांचा लळा लागलेला, नुकता कामाला तयार झालेला कुत्रा त्या घराला डोळ्यांदेखत गमवावा लागतो.

याचे मूळ १९९६ साली सापडले. संबंधित जनुकातील डीएनएची फक्त १४ अक्षरे गळालेली असतात. १४ अक्षरांनी एवढे काय बिघडावे? पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचते. ‘बदक सरळ कमल उचल’ या शब्दांतून ‘दक’ ही दोन अक्षरे काढा आणि पुन्हा तीन-तीनचे गट पाडा: ‘बसर ळकम लउच ल’. पुढचा सारा मजकूर निरर्थक झाला! १४ ला ३ ने भागले तर बाकी दोनच उरते.

हा दोष अप्रभावी आहे. बिघडलेली एकच प्रत असलेला कुत्रा ठणठणीत असतो. त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांच्या पिल्लांपैकी प्रत्येकाला रोग होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. याचा अर्थ चार पिल्लांत एक रोगी असलेच पाहिजे, असा नव्हे. सहाही पिल्ले रोगातून सुटण्याची शक्यता ३/४ चा सहावा घात, म्हणजे सुमारे १८ टक्के येते. वहीत करून पाहा. अशा वेतानंतर मालकाला शंकाही येत नाही आणि वाहकांची पैदास चालू राहते. एखादा नामांकित नर फार वापरला गेला तर त्याच्या लपलेल्या प्रती अनेक घरांत पसरतात आणि त्याचे वंशज पुढे एकमेकांशी जुळवले जातात. आता आई-बापांच्या डीएनएची तपासणी करून हे टाळता येते. वाहकाला पैदाशीतून हाकलण्याचीही गरज नाही. निर्दोष जोडीदार दिला की एकही पिल्लू रोगी होत नाही.

या सर्व कारणांनी पिल्लू पाहताना आई दिसलीच पाहिजे. इंग्लंडमध्ये तर आता तसा नियमच आहे. सहा महिन्यांखालील पिल्लू दलालाकडून विकायला तेथे एप्रिल २०२० पासून बंदी आली. या नियमाला लोक ‘ल्युसीचा कायदा’ म्हणतात. ल्युसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स जातीची स्पॅनियल. पिल्लांचा कारखाना चालवणाऱ्या एका वेल्श ठिकाणाहून २०१३ साली तिची सुटका झाली होती.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. स्प्रिंगरचे नाक मात्र तेवढ्यासाठीच नाही. ‘बस्टर’ नावाच्या एका स्प्रिंगरने २००३ मध्ये इराकमध्ये ब्रिटिश सैनिकांना दडवलेली शस्त्रे व स्फोटके शोधून दिली आणि प्राण्यांना मिळणारे डिकिन पदक मिळवले. लपलेले हुंगून काढायचे, ही मूळची वृत्ती तीच.

आता आपल्या त्या कुटुंबाकडे परत जाऊ. वडिलांनी आई-बापांचे तपासणीचे कागद वाचले आहेत. पिल्ले स्वयंपाकघरात वाढलेली आहेत. पिल्लांची आई न गुरगुरता जवळ आली, हात हुंगून तिने शेपूट हलवली आणि मालकाने हाक मारताच ती वळून गेली. मग सहांपैकी कोणते न्यायचे? खुशाल ते नाडी ओढणारे न्या.